आधी बोटं बघा: जुन्या पेपरबॅकच्या मुखपृष्ठांवरचं जॅझ कसं वाचायचं

जॅझच्या दुनियेत घडणाऱ्या कादंबरीचं जुनं अमेरिकन पेपरबॅक हाती लागलं, की आधी वादकाची बोटं बघावीत. ट्रम्पेटचे तीन व्हॉल्व्ह उजव्या हाताच्या बोटांनी दाबतात आणि वाद्याचा भार डावा हात पेलतो. मुखपृष्ठावरच्या माणसाचा डावा हात व्हॉल्व्हवर दिसला, तर दोनच शक्यता उरतात. चित्रकाराने वाद्य नीट बघितलेलं नाही, किंवा छापताना चित्र उलटवलेलं आहे. क्वचित एखादा खरोखरच डावखुरा वादक निघतो, पण तो अपवाद. या एका खुणेपासून सुरुवात केली, की चित्रकार, छापखाना, दुकानदार आणि त्या काळचा समाज या सगळ्यांनी मिळून ते मुखपृष्ठ कसं घडवलं हे उलगडायला लागतं. 1940 ते 1965 या पंचवीस वर्षांतली ही चित्रं 'रेट्रो' म्हणून भिंतीवर लावली जातात. वाचता मात्र फार कमी जणांना येतात, आणि ती वाचण्यात खरा आनंद आहे.

चित्र इतकं भडक का?

इंग्लंडमध्ये पेंग्विनने 1935 साली सहा पेन्सची पेपरबॅक आणली. त्यांच्या मुखपृष्ठांवर रंगीत पट्टे आणि अक्षरं असत. 1939 साली न्यूयॉर्कमध्ये पॉकेट बुक्सने 25 सेंटची पुस्तकं काढली आणि तिथे सुरुवातीपासूनच चित्राला मान मिळाला. यामागे विक्रीची व्यवस्था आहे. अमेरिकेत ही पुस्तकं मासिकं पोचवणाऱ्या घाऊक वितरकांमार्फत औषधांच्या दुकानांत, बस आणि रेल्वे स्थानकांवर, कोपऱ्यावरच्या टपऱ्यांवर जात. तिथे तारेचे उभे स्टँड असत आणि पुस्तकं तोंड पुढे करून त्यात खोचलेली असत. ग्राहक आलेला असे डोकेदुखीची गोळी घ्यायला. त्याची नजर स्टँडवरून फिरायची ती दोन-तीन सेकंद, तेवढ्यात पुस्तकाने त्याला थांबवायचं. न खपलेली पुस्तकं परत पाठवण्याचा खर्च परवडत नसे, म्हणून दुकानदार नुसतं मुखपृष्ठ फाडून पाठवी आणि पैसे वळते करून घेई. हिशेबाच्या दृष्टीने मुखपृष्ठ म्हणजेच पुस्तक होतं.

1945 साली बँटम आलं, 1948 साली सिग्नेट आणि 1950 साली फॉसेट कंपनीची गोल्ड मेडल मालिका. गोल्ड मेडलने थेट पेपरबॅकमध्येच नव्या कादंबऱ्या छापायला सुरुवात केली. आधी कापडी बांधणीत निघून नावाजलेल्या पुस्तकाला परीक्षणांचा तरी आधार असतो, या नव्या कादंबऱ्यांना तोही नव्हता. सगळा भार चित्रावर. रात्र, दारू, बाई आणि गुन्हा हे चारही एका चौकटीत बसवणारी जागा म्हणजे जॅझ क्लब, त्यामुळे चित्रकारांच्या हाती तो आयताच लागला.

आकाराने वाद्य ठरवलं

या पुस्तकांचं मुखपृष्ठ साधारण सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच. 1950च्या दशकात उंची सात इंचांच्या आसपास गेली. वरचा तिसरा हिस्सा शीर्षकासाठी मोकळा सोडावा लागे, कारण स्टँडमध्ये खालचा भाग पुढच्या पुस्तकाने झाकला गेला तरी वरची पट्टी दिसत राही. चित्रासाठी उरलेल्या जागेत दोन माणसं, एक वाद्य आणि थोडा अंधार एवढंच मावतं.

म्हणून या मुखपृष्ठांवर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन भरमसाट आहेत आणि ट्रॉम्बोन जवळजवळ नाहीच. ट्रम्पेट दीड फुटाच्या आसपासचा. तो तिरका वर धरला की त्याचा कर्णा नेमका शीर्षकाकडे बोट दाखवतो. सॅक्सोफोन गळ्यातून खाली लोंबतो, म्हणजे उभ्या चौकटीत आपसूक बसतो. ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकवली की वाद्य माणसाच्या धडापेक्षा लांब होतं आणि अरुंद चौकटीबाहेर जातं. पियानोचीही तीच अडचण. तो दाखवायचा तर पट्ट्यांची ओळ कोपऱ्यातून तिरकी काढायची आणि बाकीचा पियानो कापून टाकायचा. पियानो काढलेलाच असेल तर काळ्या पट्ट्या मोजाव्यात. दोन, मग तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन असा क्रम हवा. सरसकट समान अंतरावर काळ्या पट्ट्या दिसल्या, तर चित्रकाराने त्या आठवणीतून काढल्या आहेत.

सॅक्सोफोनबद्दल थोडं अधिक, कारण चुका तिथेच जास्त होतात. डावा हात वर, उजवा खाली, आणि वजन गळ्यातल्या पट्ट्यावर. पट्टाच नसेल तर तो माणूस वाद्य वाजवत नसून धरून उभा आहे. आल्टो आणि टेनर या सॅक्सोफोनच्या दोन प्रकारांतला फरक वाद्याच्या मानेत दिसतो. मुखाकडे जाणारी आल्टोची नळी जवळपास सरळ वळून येते, टेनरच्या नळीला आधी एक हलका बाक असतो. कादंबरीत टेनर आणि चित्रात आल्टो असा घोळ झाला असेल, तर चित्रकाराला मजकुराऐवजी दोन ओळींचा सारांश मिळालेला असण्याची शक्यता मोठी.

गालांकडेही बघावं. चांगला ट्रम्पेटवादक गाल फुगवत नाही, ओठांचे कोपरे घट्ट ठेवतो. डिझी गिलेस्पीचे गाल बेडकासारखे फुगत, हा प्रसिद्ध अपवाद. पण त्याच्या छायाचित्रांमुळे अनेक चित्रकारांनी सगळ्याच वादकांचे गाल फुगवले. ढोलांच्या संचामागे बसलेल्या वादकाचा डावा तळहात वर वळलेला आणि काठी अंगठ्याच्या बेचक्यात असेल, तर ती त्या काळची खरी पकड आहे. दोन्ही मुठी सारख्या दिसल्या तर चित्र बहुधा कल्पनेतलं.

चित्र रंगवलं कसं जाई

कला-संपादक प्रसंग सुचवे, चित्रकार आधी छोटे रंगीत कच्चे आराखडे करून दाखवी. एक मंजूर झाला की मॉडेल बोलावून छायाचित्रं काढायची आणि ती समोर ठेवून जाड बोर्डवर तैलरंगात, टेम्पेरात (अंड्याच्या बलकात कालवलेले रंग) किंवा गुआशमध्ये (अपारदर्शक जलरंग) अंतिम चित्र करायचं. मूळ चित्र बऱ्याचदा दीड ते दोन फूट उंच असे, म्हणजे छपाईत ते तिपटी-चौपटीने लहान होई. मूळ चित्रात एक मिलिमीटर जाडीची रेष पुस्तकावर पाव मिलिमीटरची उरते. सॅक्सोफोनच्या कळा, बासच्या तारा, चष्म्याची काडी हे सगळं अशा वेळी गायब होतं. जाणता चित्रकार म्हणून कळांचे दोन-चारच ठळक ठिपके टाकून बाकीचं अंधारात सोडतो. प्रत्येक कळ इमानाने रंगवलेली चित्रं छापल्यावर उलट चिखल होतात.

या कामातलं सर्वांत मोठं नाव जेम्स अवाती. प्रिन्स्टनला वास्तुशास्त्र शिकलेला हा माणूस 1949च्या सुमारास सिग्नेटसाठी रंगवू लागला आणि न्यू जर्सीतल्या रेड बँक गावी राहून काम करू लागला. मॉडेल म्हणून तो साधी माणसं घेई, त्यामुळे त्याच्या चित्रांतल्या चेहऱ्यांवर खरा थकवा असतो. त्याच्या तपकिरी, मळक्या प्रकाशाची नक्कल पुढची दहा वर्षं सगळ्यांनी केली. बार्य फिलिप्स, मिचेल हुक्स, रॉबर्ट मग्वायर आणि 1958 पासून डेलसाठी रंगवणारा रॉबर्ट मॅकगिनिस ही याच परंपरेतली पुढची नावं. लेखकाला यात सहसा विचारलं जात नसे. जे. डी. सॅलिंजरला 'द कॅचर इन द राय'साठी अवातीने केलेलं 1953चं मुखपृष्ठ मुळीच आवडलं नव्हतं, आणि पुढे त्याच्या त्या कादंबरीचं पेपरबॅक नुसत्या अक्षरांचं मुखपृष्ठ घेऊन निघालं.

मधोमध कोण उभा आहे

जॅझ हे कृष्णवर्णीय अमेरिकनांनी घडवलेलं संगीत. तरीही या मुखपृष्ठांवर समोर ट्रम्पेट घेऊन उभा असतो तो बऱ्याचदा गोरा तरुण, आणि कृष्णवर्णीय वादक मागे अंधारात, निळ्या-काळ्या छटांत. हा अन्याय छपाईतला नव्हे, निवडीतला आहे, आणि तो ओळखल्याशिवाय ही चित्रं समजली असं म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांतले स्टँड हातचे जातील ही प्रकाशकांची भीती त्यामागे होतीच.

चित्रपटांमुळे हे आणखी वाढलं. डोरोथी बेकरची 'यंग मॅन विथ अ हॉर्न' ही 1938ची कादंबरी कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेकच्या संगीतावरून सुचलेली. तिच्यात नायकाचा जिवलग मित्र स्मोक हा कृष्णवर्णीय ड्रमवादक आहे. 1950च्या चित्रपटात स्मोक झाला गोरा पियानोवादक, आणि ती भूमिका केली होगी कारमायकेलने. हॅरल्ड फ्लेंडरच्या 'पॅरिस ब्लूज'चंही तसंच. बॅलंटाइनने 1957 साली थेट पेपरबॅकमध्ये छापलेल्या या कादंबरीचा नायक कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक आहे. 1961च्या चित्रपटात पॉल न्यूमनचा गोरा ट्रॉम्बोनवादक मध्यभागी आला. चित्रपटानंतरच्या आवृत्त्यांवर नटांचे चेहरे छापले जातात, त्यामुळे एकाच कादंबरीच्या चित्रपटाआधीच्या आणि नंतरच्या प्रती शेजारी ठेवून बघणं फार बोलकं ठरतं.

पाप कमी झालं, संगीत वाढलं

1952 साली अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने अश्लील साहित्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. इझेकिएल गॅदिंग्ज हे तिचे अध्यक्ष. पेपरबॅकची मुखपृष्ठं समितीच्या थेट निशाण्यावर होती. ठिकठिकाणच्या स्थानिक मंडळांचाही दबाव होताच. प्रकाशकांनी खांद्यावरून घसरलेले पदर सावरायला सुरुवात केली.

बदलाचं दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं कारण संगीताच्या दुकानातून आलं. ॲलेक्स स्टाइनवाइसने 1940 साली कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्डच्या वेष्टनांवर चित्रं आणली. 1948 साली लाँग-प्ले रेकॉर्ड आली आणि चित्रकारांना बारा इंचांचा चौकोन मिळाला. डेव्हिड स्टोन मार्टिनने निर्माता नॉर्मन ग्रांझच्या क्लेफ, नॉरग्रान आणि व्हर्व्ह या रेकॉर्ड-लेबलांसाठी शेकडो वेष्टनं केली. त्याची रेषा बारीक निबाची, मध्येच जाड होणारी, कधी थरथरती. रंग एक किंवा दोन, तेही रेषेच्या बाहेर सांडलेले. त्याची चित्रं पाहताना वाद्याचा आवाज डोळ्यांना कळतो. पुढे ब्लू नोट या लेबलसाठी रीड माइल्सने फ्रान्सिस वुल्फची छायाचित्रं कापून, एकाच रंगात बुडवून, भल्यामोठ्या अक्षरांना भिडवली. सॉल बासने 1955 साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटासाठी कागद कापून केलेला वाकडातिकडा हात आणला. एल्मर बर्नस्टाइनचं त्या चित्रपटाचं संगीत जॅझच्या अंगाचं, त्यामुळे कातरलेले आकार आणि जॅझ यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली.

1950च्या दशकाच्या उत्तरार्धातलं पेपरबॅक पाहिलं, की हा परिणाम लगेच ओळखू येतो. धूर आणि लाल झगा मागे पडतात. सपाट रंगाचे तिरके चौकोन, मोडक्या ओळीत नाचणारी अक्षरं, चार रेघांतला सॅक्सोफोन पुढे येतो. ग्रोव्ह प्रेससाठी रॉय कुल्मनने तर माणसंच काढून टाकली आणि नुसते आकार ठेवले. यात खर्चाचाही भाग होता: दोन सपाट रंगांचं मुखपृष्ठ छापणं पूर्ण रंगीत चित्रापेक्षा स्वस्त. तरीही मला या टप्प्यातली चांगली मुखपृष्ठं आधीच्यांपेक्षा प्रामाणिक वाटतात. आधीची चित्रं जॅझच्या आसपास काय चालतं ते दाखवत होती, ही लय दाखवायला बघतात.

पितळ कसं छापतात

हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि ट्रम्पेटच्या चकाकीवर धरा. सोनेरी शाई कुठेच दिसणार नाही. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांचे ठिपके दिसतील. पितळ म्हणजे भरघोस पिवळा, त्यात थोडा किरमिजी, कडेला काळा. आणि जिथे सर्वांत जास्त चकाकतं तिथे शाईच नसते, तो उघडा पांढरा कागद असतो. म्हणून कागद पिवळा पडला की सगळ्यात आधी वाद्याची चमक मरते, बाकीचं चित्र शाबूत असलं तरी.

क्लबचा गडद जांभळट निळा हा दुसरा अवघड रंग. निळा आणि किरमिजी यांचे ठिपके एकमेकांवर अर्धा मिलिमीटर जरी सरकले, तरी वादकाच्या कोटाला गुलाबी कड दिसू लागते. मोठ्या कागदावर अनेक पुस्तकांची मुखपृष्ठं एकत्र छापली जात, त्यामुळे शेजारच्या चित्रासाठी शाई वाढवली तर आपलंही गडद होई. एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत रंगाचा फरक दिसतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

भिंगाचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या छपाईत ठिपक्यांची नियमित, फुलासारखी जाळी दिसते. घरच्या इंकजेटवर काढलेल्या नकलेत ठिपके अस्ताव्यस्त शिंपडल्यासारखे असतात. जुनं मुखपृष्ठ म्हणून सुटं काही विकत घेताना हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चित्र उलटवलंय का, हे ठरवायला हातांबरोबर कपडे बघा. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर असतो आणि बटणं त्याच्या उजव्या बाजूला. दोन्ही उलट असतील तर चित्र आरशातलं आहे. वादकाने पुस्तकाच्या आत बघावं, बाहेर नव्हे, अशी मांडणी हवी असली की कला-संपादक असं करत.

काळ ठरवताना

शीर्षकपानामागचं पान पहिलं वाचावं. सिग्नेटसारखे प्रकाशक तिथे पहिली छपाई कोणत्या महिन्यात झाली ते स्पष्ट देत आणि पुढच्या छपायांची यादीही. किंमत हा आडाखा: 25 सेंट असेल तर बहुधा 1950च्या दशकाच्या सुरुवातीचं किंवा त्याआधीचं, 35 सेंट त्यानंतरचं, 50 सेंट आणखी पुढचं किंवा जाडजूड. गोल्ड मेडलचा पिवळा कणा दुरूनच ओळखू येतो.

चित्रातही तारखा लपलेल्या असतात. कर्णा वर वाकलेला ट्रम्पेट दिसला तर चित्र 1953 नंतरचं समजावं. गिलेस्पीचा ट्रम्पेट त्या वर्षी जानेवारीत कुणीतरी त्यावर पडल्यामुळे वाकला, गिलेस्पीला त्याचा आवाज आवडला आणि मग त्याने तसेच बनवून घेतले. बेरे टोपी, हनुवटीवरची दाढी आणि जाड चौकटीचा चष्मा हा बीबॉप या जॅझप्रकाराचा वेश 1940च्या दशकाच्या मध्यापासूनचा. बोंगो वाजवणारी दाढीवाली पोरं मात्र 1957 नंतर, बीट पिढीच्या बंडखोर तरुण लेखकांचा गाजावाजा झाल्यावर. पियानो वाजवणारा गुप्तहेर दिसला तर 1959ची 'जॉनी स्टॅकाटो' ही दूरचित्रवाणी मालिका आठवावी.

तुलनेसाठी उत्तम साधन फुकट उपलब्ध आहे. विल्यम गॉटलिब यांनी 1938 ते 1948 या काळात काढलेली जॅझ वादकांची छायाचित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत आणि 2010 पासून ती सर्वांसाठी खुली आहेत. न्यूयॉर्कच्या 52व्या रस्त्यावरच्या क्लबांच्या पाट्या, वादकांच्या टाय, माइकचे आकार, सगळं तिथे पडताळता येतं.

आपल्याकडे मिळणाऱ्या प्रती आणि त्यांची निगा

मुंबईत फ्लोरा फाउंटन-चर्चगेटच्या फुटपाथवर किंवा रद्दीच्या दुकानात मिळणारी जुनी पेपरबॅक्स बऱ्याचदा पॅन, कॉर्गी, पेंग्विन अशी ब्रिटिश असतात, कारण कॉमनवेल्थमधल्या विक्रीचे हक्क ब्रिटिश प्रकाशकांकडे असत. त्यामुळे त्याच कादंबरीचं चित्र अमेरिकन प्रतीपेक्षा वेगळं असतं. ते चित्र दुय्यम समजायचं कारण नाही. पॅनची रंगवलेली मुखपृष्ठं स्वतंत्रपणे जमवण्यासारखी आहेत.

घेताना तीन गोष्टी तपासा. मुखपृष्ठावरचा पारदर्शक पापुद्रा कडेने सुटतोय का, कारण त्या वेळचा डिंक वाळून ठिसूळ होतो आणि पापुद्रा निघताना शाई घेऊन येतो. कणा एका बाजूला कललाय का. आणि मधलं पान हळूच उघडून बघा, डिंक कडकडला तर पुस्तक पूर्ण उघडू नका. सुटलेला पापुद्रा सेलोटेपने चिकटवू नका. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग तो डाग निघत नाही.

आतला कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. तो पिवळा पडणारच, वेग तेवढा कमी करता येतो. पुस्तकं उभी ठेवावीत, फार दाबून नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या वापराव्यात, पीव्हीसीच्या नकोत, त्या कालांतराने चिकट होतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते, आणि 65 टक्क्यांवर बुरशीला पोषक हवा तयार होते. म्हणून त्या महिन्यांत बंद डब्यात सिलिका जेल ठेवून, दर दोन-तीन आठवड्यांनी ते तापवून वाळवून परत ठेवावं. कसर किंवा किडा दिसला तर पुस्तक पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं.

मुखपृष्ठाची प्रत जपायची असेल तर 600 डीपीआयला स्कॅन करा आणि मग प्रतिमा लहान करा. थेट 150 किंवा 200ला केलं तर ठिपक्यांच्या जाळीमुळे वादकाच्या चेहऱ्यावर लाटा उमटतात. स्कॅनरचं झाकण दाबू नका, कणा तिथेच तुटतो. पुस्तक ठिसूळ असेल तर कॅमेऱ्याने फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत उजेड टाकून, म्हणजे पापुद्र्यावर चकाकी येत नाही. मूळ रंगातली फाइल वेगळी ठेवा आणि पिवळेपणा काढायचा तो तिच्या प्रतीवरच काढा.